जुनी लूना आणि तिचा सूर

पन्नास सीसीचे एक जुने, धूळ खात पडलेले इंजिन हा व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. वसंतातील व्याख्यानांना माणसे येतात ती संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे काही भारदस्त कानी पडावे म्हणून. परंतु ज्या गावाच्या दारावरून पुणे-नाशिक रस्ता जातो, ज्याच्या एका अंगास चाकणचे आणि दुसऱ्या अंगास भोसरी-पिंपरीचे कारखाने आहेत, आणि जेथे घराघरातून कोणी ना कोणी पाळीला जातो, त्या कुरुळीत यंत्र हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

तरीही यंत्र आपल्याला एका अर्थाने परके झाले आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा एकेक तुकडा तेवढा ठाऊक असतो. कोणी मडगार्ड दाबतो, कोणी वायरिंगचा झुबका बसवतो, कोणी आठ तास एकाच जागी उभा राहून तेच चार बोल्ट आवळतो. बोल्ट पुरेसा आवळला की हातातली गन आपोआप थांबते व दिवा लागतो. किती आवळला आणि तेवढाच का, हे आवळणाऱ्याला कोणी सांगत नाही. ठेक्यावर किंवा ट्रेनी म्हणून आलेला मुलगा वर्षा-दोन वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा हजारो गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात, आणि रस्त्यात बंद पडलेली एक गाडी सुरू करणे त्याला जमत नाही. हा दोष त्या मुलाचा नव्हे. कामाची वाटणीच तशी केलेली आहे. घरच्या पडवीत एक जुनी लूना उलगडून, ती समजून घेऊन, पुन्हा चालती करणे हा या उणिवेवर मला ठाऊक असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो कसा करावा, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

लहान यंत्राची कुळकथा

लहान चाकांची, लहान इंजिनाची, एका माणसाने उचलून बाजूला ठेवावी अशी दुचाकी म्हणजे मिनी बाइक. जपानात होंडा कंपनीने १९६१ साली करमणुकीच्या बागेतील मुलांसाठी अशी एक बुटकी गाडी तयार केली. तिच्यावर बसलेला मोठा माणूस माकडासारखा दिसे, म्हणून तिला ‘मंकी’ हे नाव पडले, असे सांगतात. आपल्याकडे १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसलेली राजदूतची जीटीएस १७५ ही बुटकी गाडी लोकांच्या तोंडी ‘बॉबी’च होऊन बसली. पण बॉबी ही हौशी तरुणांची गाडी होती. कामगाराच्या, शिक्षिकेच्या आणि दूधवाल्याच्या अंगणात आली ती लूना.

हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली लूना बाजारात आणली. इटलीतील पियाज्यो कंपनीची ‘चिआओ’ नावाची मोपेड तिकडे १९६७ पासून चालत होती. रीतसर परवाना घेऊन पहिली लूना तिच्याच आराखड्यावर बेतली गेली. त्याच वर्षी बजाजची चेतकही आली. परंतु त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि नंबर लागला तरी तेवढी रक्कम हाती असेलच असे नव्हते. लूनाला गिअर नव्हते, क्लच आपोआप धरत असे, आणि पेट्रोल संपले तर पायाने पेडल मारून सायकलसारखी घरापर्यंत नेता येत असे. सकाळच्या पाळीला गेट बंद होण्याच्या आत पोचणे ज्याच्या रोजगाराला आवश्यक होते, त्याला या गाडीने पाच-सहा मैलांपलीकडची नोकरी आवाक्यात आणून दिली. पुढे १९८१ साली बजाजने एम-५० काढली. या शतकाच्या आरंभी पेट्रोलची लूना बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते नाव विजेवर चालणाऱ्या ई-लूनाच्या रूपाने परत आले.

जुन्या लूना मात्र अजून आहेत. कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजे या गावांतील एखाद्या गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली डोकावून पाहावे. चाके बसलेली, पेडल गंजलेले, अशी एखादी सापडते. भंगाराच्या काट्यावर तिचे मोल लोखंडाइतकेच होते. शिकण्यासाठी म्हणाल तर त्याहून योग्य वस्तू मिळणे कठीण.

आधी इंजिन समजून घ्यावे

चिआओच्या सिलिंडरचा व्यास ३८.४ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली चाल ४३ मिलिमीटर. ‘५० सीसी’ म्हणजे काय, हे या दोन आकड्यांतून कोणीही काढू शकतो. व्यास सेंटिमीटरमध्ये ३.८४, त्याचा वर्ग १४.७५, त्याला ०.७८५४ ने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ ११.५८, त्याला ४.३ ने गुणले की उत्तर येते सुमारे ४९.८. पिस्टन एका चालीत एवढे घनसेंटिमीटर जागा मोकळी करतो. सातवीचे गणित येथे पुरते.

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची यंत्रणा नाही. सिलिंडरच्या भिंतीतील भोके पिस्टनच झाकतो व उघडतो. पिस्टन वर जाताना एकाच वेळी दोन कामे होतात. वरच्या बाजूस आधी आलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते, आणि खालच्या बाजूस, क्रँककेसमध्ये, पोकळी निर्माण होऊन कार्बोरेटरमधून नवे मिश्रण आत ओढले जाते. ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येता येता प्रथम धूर बाहेर जाण्याचे भोक उघडते, मग क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण दुसऱ्या भोकातून वर शिरते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. येथे प्रत्येक फेरीत होतो.

एवढे समजले की तीन गोष्टी आपोआप कळतात. पहिली अशी की क्रँककेस हा या इंजिनाचा पंप आहे, म्हणून तो हवाबंद असला पाहिजे. दुसरी अशी की त्या पंपातूनच पेट्रोल जात असल्याने तेथे वेगळे ऑइल भरून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलमधूनच द्यावे लागते. तिसरी अशी की ते ऑइल जळून उरलेला कार्बन धुराच्या भोकात व सायलेन्सरमध्ये साचतो आणि हळूहळू इंजिनाचा श्वास कोंडतो. जुन्या लूनाच्या दहा दुखण्यांपैकी आठ या तिहींत कोठे तरी सापडतात.

उघडण्यापूर्वीची तयारी

वर्षानुवर्षे बंद असलेली गाडी आणताच पेडल मारत सुटू नये. पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने धरलेल्या असतात; जोर केला की त्या मोडतात आणि सिलिंडरला चरे पडतात. प्लग काढावा, त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडावे आणि दोन दिवस थांबावे. नंतर चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे.

काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत पोचते. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. यास्तव गंजून भोक पडलेली टाकी घरी वेल्डिंग करण्याचा विचारही मनात आणू नये. पेट्रोलने हात धुण्याची आपल्याकडे जी सवय आहे तीही सोडावी. कातडीतून ते अंगात जाते. हात धुवायला साबणाचा चुरा चांगला.

हत्यारे फार लागत नाहीत. पान्यांचा संच, चांगला स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, व्हर्नियर आणि फ्लायव्हील काढण्याचा पुलर. यांपैकी शेवटच्याची काटकसर करू नये. पुलर नसला की माणसे हातोडा घेतात, आणि हातोड्याने क्रँक वाकतो, फ्लायव्हील तडकते, आतील चुंबकही निकामी होऊ शकतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा, आणि नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमाने ठेवावेत. जोडताना तोच क्रम उलटा चालवायचा असतो.

चार प्रश्न, एका क्रमाने

गाडी नीट चालत नाही असे दिसले की दहांतील नऊ जण प्रथम कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतात. तो हाताशी असतो आणि फिरवला की आवाज बदलतो, म्हणून काही तरी केल्याचे समाधान मिळते. परंतु तंबोऱ्याची खुंटीच सैल असेल तर मणी सरकवून सूर लागत नाही. इंजिनाला चार प्रश्न विचारावेत आणि ते याच क्रमाने विचारावेत: दाब आहे काय? ठिणगी वेळेवर पडते काय? बाहेरची हवा आत घुसते काय? आणि सर्वांत शेवटी, इंधन योग्य प्रमाणात मिळते काय? आधीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्याकडे जाऊ नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळत नाही. बिघडली तरीही कळत नाही.

दाबाचा प्रश्न सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा यांचा आहे. हेड काढून सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवावे. नखाला लागेल असा चरा असेल तर बोअर करून घेणे भाग आहे. चरा नसेल तर रिंग एकटीच सिलिंडरमध्ये बसवून, पिस्टनने सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने मोजावी. जुना ठोकळ नियम असा की व्यासाच्या दर इंचाला इंचाच्या चार हजारांश भागाइतकी फट असावी. आपला व्यास दीड इंचाचा, म्हणजे फट सुमारे ०.१५ मिलिमीटर. ती याच्या तीन-चारपट झाली असेल तर दाब त्या वाटेने निसटतो. बोअर करायचा ठरल्यास भोसरीत लेथवाले पुष्कळ आहेत. पण आधी ओव्हरसाइज पिस्टन आणावा, मग तो हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. शिंप्याकडे अंग न नेता कपडा शिवायला टाकावा, तशी आधी बोअर करून मग पिस्टन शोधणाऱ्याची गत होते. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत आणि जुन्या बाजारात शोधावेत. कुदळवाडीची भंगार गोदामे फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, तेव्हापासून या बाजूचा एक जुना आधार मात्र नाहीसा झाला.

याच वेळी पिस्टनच्या माथ्यावरील, हेडमधील आणि धुराच्या भोकातील कार्बन लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडावा. पोलादी पट्टी मऊ ॲल्युमिनियम ओरबाडते. सायलेन्सरच्या लोखंडी नळीतील कार्बन कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने सुटतो, परंतु तेच पाणी ॲल्युमिनियमचा हेड खाऊन टाकते आणि माणसाचे डोळेही. हातमोजे व चष्मा असल्याशिवाय हे काम करू नये. हेड पुन्हा बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यावेत. सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवताना सुमारे एक किलोग्रॅम-मीटर एवढाच पीळ सोसतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा भार टांगावा, एवढा हा जोर. कारखान्यातली गन जे मापते ते हेच.

ठिणगीची व्यवस्था चाकीच्या आत असते. फ्लायव्हीलमधील चुंबक कॉइलसमोरून फिरतात, वीज निर्माण होते, आणि पॉइंट उघडण्याच्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ कापडाने पुसावेत. ते वारंवार काळे पडत असतील आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. तो फार महाग नसतो. पॉइंटची फट पूर्ण उघडल्यावर सुमारे ०.४ मिलिमीटर असावी, प्लगची अर्धा मिलिमीटर.

ठिणगी पडणे पुरेसे नाही, ती वेळेवर पडली पाहिजे. मिश्रण पेटून दाब वाढायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी माथ्यावर पोचण्याच्या थोडी आधी ठिणगी द्यावी लागते. ४३ मिलिमीटर चालीच्या इंजिनात क्रँकचे वीस अंश म्हणजे पिस्टन माथ्यापासून सुमारे दीड-पावणेदोन मिलिमीटर खाली असतो. आपल्या नमुन्याचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. तपासण्याची घरगुती रीत अशी: प्लगच्या भोकातून व्हर्नियरची दांडी पिस्टनला टेकवून त्याची जागा मोजावी, पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरावी आणि चाकी सावकाश फिरवावी. पट्टी ज्या क्षणी सुटते, तो पॉइंट उघडण्याचा क्षण. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉइंटची फट वाढवली की तो लवकर उघडतो, म्हणजे ठिणगीही लवकर पडते. म्हणून प्रथम फट ठरवावी, नंतर वेळ. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोकते व पिस्टनचा माथा जळतो. फार उशिरा पडली तर जोर मिळत नाही आणि सायलेन्सर तापतो.

हवेचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. वीस-तीस वर्षांत ते कडक होऊन फुटतात आणि त्यांच्यामधून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी मोठ्याने रेस होत राहते, आणि अखेर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. लोक या रेस होण्याला कार्बोरेटरचे दुखणे समजतात. तपासणी सोपी आहे. कार्बोरेटर व सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबराच्या तुकड्यांनी घट्ट बंद करावीत. प्लगच्या भोकात नळी बसवावी आणि रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राच्या फुग्याने, काट्यावर २५० येईपर्यंत, हवा भरावी. काटा काही मिनिटे जागचा हलला नाही तर इंजिन हवाबंद आहे. उतरू लागला तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे दोष. डॉक्टरांनी टाकून दिलेले यंत्र या कामी आले की मला विशेष आनंद होतो.

या तिन्ही परीक्षांत उतरल्यावरच कार्बोरेटरकडे वळावे. तो उलगडून फ्लोटची वाटी धुवावी, जेटमधून उजेड दिसतो का ते पाहावे. जेटमध्ये तार घालू नये. भोक किंचित मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. पंक्चरच्या दुकानात हवेचा फवारा मारून घ्यावा. गाडी सुरू झाली की इंजिन चांगले तापू द्यावे, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरने थोडे अंतर न्यावी, आणि वेग कमी न करता तेथेच इंजिन बंद करून थांबावे. प्लग थंड झाल्यावर काढून पाहावा. त्याच्या टोकाचा पांढरा भाग दुधाच्या चहासारखा दिसला तर प्रमाण ठीक. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा असेल तर कमी. कमी असणे अधिक धोक्याचे, कारण काळा प्लग पुसता येतो, जळालेला पिस्टन पुसता येत नाही.

आजचे पेट्रोल आणि कालचे इंजिन

लूना जन्मली तेव्हाचे पेट्रोल आज मिळत नाही. त्या वेळी पेट्रोलमध्ये शिसे असे. २००० साली ते देशभर बंद झाले. याने लूनाचे काही बिघडले नाही, कारण शिशाचा आधार लागे तो मुख्यतः फोर-स्ट्रोकच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना, आणि आपल्या इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत. श्वास घेणाऱ्या माणसांचा मात्र फायदाच झाला.

दुसरा बदल अधिक विचारात घेण्याजोगा आहे. २०२५ पर्यंत देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. त्यातले बरेचसे इथेनॉल आपल्याच उसातून येते. परंतु एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला ती सुमारे साडेतेरा किलो लागते. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढेच इंधन आले तर ते हवेच्या मानाने सुमारे आठ टक्के कमी पडते आणि इंजिन अधिक तापते. प्लग पांढरा दिसू लागला तर मुख्य जेट एक-दोन अंकांनी मोठा घ्यावा. जुन्या रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात; ते नवे बसवावेत. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल फार झाली की पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालावे, याबद्दल मतभेद फार. पुस्तिका पाहून, लिटरला वीस ते चाळीस मिलिलिटर या मर्यादेत राहावे. नव्या पिस्टनला आरंभी जास्त. ‘थोडे जास्त ऑइल घातले तर काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढले की पेट्रोल तेवढे घटते. उदारपणे ओतलेले ऑइल कार्बन तर वाढवतेच, पण मिश्रणही पातळ करते.

ब्रेक, आणि छातीत जाणारी धूळ

चालू होणारी गाडी थांबलीही पाहिजे. जुने टायर वरून चांगले दिसले तरी बाजूंना भेगा असतील तर बदलावेत, ब्रेकच्या केबली नव्या घालाव्यात. ब्रेक ड्रम उघडताना मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरीत. ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या फवाऱ्याने उडवण्याची गॅरेजमध्ये सर्रास पद्धत आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू एकदा फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्यांचे दुखणे वीस-तीस वर्षांनी उमटते आणि त्यात कर्करोगही आहे. ज्याने धूळ खाल्ली तो तोवर नोकरीतून गेलेला असतो, आणि दुखणे कामामुळे झाले हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच माथी येते. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे लिहिल्यावाचून राहवत नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

कागदपत्रे

गाडी विकत घेण्यापूर्वी चासी नंबर व आर.सी. बुक ताडून पाहावे. पन्नास सीसीची लूना कायद्याने मोटार वाहनच आहे. नोंदणी, विमा, पीयूसी व लायसन लागतातच. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले व त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली क्रमांकमाला दिली. १९७२ ची पहिली लूना २०२२ साली या वयात आली. पण नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्या गाडीचा सारा अभिमान रोजच्या वापराचा, तिच्या मालकाने हा मान घ्यावा की नाही, याचा विचार त्यानेच करावा.

याचा उपयोग काय

पेट्रोलच्या लहान इंजिनांचे दिवस संपत आले आहेत, मग हे शिकून काय उपयोग, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. आकुर्डीत २००७ साली दुचाकींचे उत्पादन थांबले, आणि २०२२ साली त्याच ठिकाणी विजेच्या चेतकचा कारखाना उभा राहिला. तेथेही, चाकणमध्येही, उद्याची यंत्रे वेगळी असतील. पण विजेच्या मोटारीलाही बेअरिंग आहे, बोल्टला पीळ आहे, वायरला सांधा आहे; आणि ती बंद पडली तर कारण शोधण्याची रीत हीच आहे. मोजावे, एकच गोष्ट बदलावी, पुन्हा मोजावे. ज्याने एकदा एक यंत्र अथपासून इतिपर्यंत उलगडून जोडले, तो लाइनवर उभा राहिला तरी आपल्यापुढून जाणाऱ्या भागाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. सुपरवायझरने ‘बोल्ट तुटला, तुझी चूक’ म्हटले तर त्याला ‘गनचे माप शेवटचे कधी तपासले?’ असे विचारता येते. हा प्रश्न विचारता येणे ही लहान गोष्ट नव्हे. कित्येक वेळा मेमो आणि न्याय यांच्यातले अंतर तेवढेच असते.

एक सूचना करून हा लेख पुरा करतो. पुलर, व्हर्नियर, फिलर गेज, रक्तदाबाचे एक जुने यंत्र आणि लूना, एम-५० यांच्या पुस्तिका, एवढे साहित्य एका पेटीत सहज मावते. प्रत्येकाने ते विकत घ्यावे अशी कोणाची ऐपत नाही व गरजही नाही. गावच्या वाचनालयाने ही पेटी ठेवावी आणि पुस्तकासारखीच नाव लिहून, आठ दिवसांच्या बोलीवर, ती घरी न्यायला द्यावी. परत आलेल्या पेटीत काय काय आहे ते मोजून घेण्याचे काम शाळकरी पोरांकडे द्यावे. फिलर गेजची पाने मोजता मोजता ०.१५ मिलिमीटर म्हणजे केवढे, हे त्यांच्या बोटांना आपोआप कळेल.